पोहे, केळं आणि बेचाळीस किलोमीटर

यंदा मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत नेहमीचे विषय होतेच. मुलांचे कॉलेजचे अर्ज, ग्रीन कार्ड, भारतातून येणाऱ्या आई-बाबांची तिकिटं. पण त्यांच्या जोडीला एक नवा विषय ऐकू आला. "लाँग रन किती मैलांवर आला?" आणि त्याच्या पाठोपाठ, "निघायच्या आधी खातेस काय गं तू?" तीन वेगवेगळ्या मैत्रिणींनी एकाच संध्याकाळी हा प्रश्न विचारला, तेव्हाच ठरवलं की या वर्षी दिवाळी अंकासाठी लिहायचं ते यावरच.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मराठी घेऊन एम. ए. केलं, साताऱ्याला सहा वर्षं शाळेत शिकवलं आणि लग्नानंतर इथे नेपरव्हिलला आले. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर धावायला सुरुवात केली. आजवर चार हाफ मॅरेथॉन आणि एक शिकागो मॅरेथॉन झाली. मास्तरकीची खोड मात्र सुटत नाही. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि धावताना कसं वाटलं, याची एक वही मी पहिल्यापासून ठेवली आहे. त्या वहीतलं आणि वाचनातलं निवडून इथे मांडते.

टाकीत इंधन किती?

आपण खाल्लेल्या भात-पोळीची शेवटी साखर होते. त्यातली काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. साधारण चारशे-पाचशे ग्रॅम स्नायूंमध्ये आणि शंभरेक ग्रॅम यकृतात. रात्री आपण झोपलेले असतो तेव्हाही मेंदूचं काम चालूच असतं आणि त्याचा खर्च यकृतातल्या साठ्यातून भागतो. म्हणून सकाळी उठतो तेव्हा स्नायूंचा डबा बऱ्यापैकी भरलेला असतो, पण यकृताचा बराच रिकामा झालेला असतो.

यावरून व्यवहाराचा नियम सरळ निघतो. निरोगी माणसाने सकाळी तीन-चार मैल रमतगमत धावायचं असेल तर पाणी पिऊन रिकाम्या पोटी गेलं तरी बिघडत नाही. तासाभराहून जास्त धावायचं असेल तर काहीतरी खाऊनच निघावं. मॅरेथॉनमध्ये अठरा-वीस मैलांवर अनेकांचे पाय एकदम शिशाचे होतात, त्याला इथले लोक 'वॉल' म्हणतात. ती भिंत बहुतेक वेळा साठा संपल्याचीच असते.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटी डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे अगदी गलितगात्र होऊन पोचले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला सांगितले आणि वाटेत चघळायला गोळ्या दिल्या. साखरही टिकली आणि माणसंही बऱ्या अवस्थेत पोचली.

त्याच्या वीस वर्षं आधीची गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली. पाण्याशिवाय माणूस किती तग धरतो हे आयोजकांना पाहायचं होतं, म्हणून वाटेत पाणी जेमतेम ठेवलेलं. ३२ जण धावायला उभे राहिले, पोचले १४. विजेत्या थॉमस हिक्सला वाटेत काय दिलं असेल? अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनिन, म्हणजे चक्क कुचल्याचं विष! क्यूबाचा फेलिक्स कार्वाहाल भुकेपोटी वाटेतली सफरचंदं खाऊन बसला, पोटात कळा आल्या, तरी चौथा आला. धावायच्या दिवशी अनोळखी काही खाऊ नये, हा धडा त्याच्याकडून घ्यावा.

आणि आपला माणूसही या इतिहासात आहे बरं का. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू पाठवण्याचं मनावर घेतलं. त्या तुकडीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वे आले. तेव्हा ना जेल होते, ना गेटोरेड. "आपल्या लोकांना हे जमत नाही," असं कुणी म्हणालं की मी चौगुल्यांचं नाव सांगते.

आपल्या स्वयंपाकघरातून

अमेरिकेतले क्रीडा-आहारतज्ज्ञ सांगतात, की तासाभराहून जास्त व्यायाम असेल तर एक ते चार तास आधी, वजनाच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. वेळ जितका कमी, तितकं प्रमाण कमी. माझं वजन ५८ किलो. म्हणजे तासभर आधी खायचं तर साधारण ५८ ग्रॅम. एका मध्यम केळ्यात २७ ग्रॅम असतात आणि मेजूल जातीच्या एका मोठ्या खजुरात १८. एक केळं आणि दोन खजूर, झाला हिशोब.

दोन-अडीच तास हातात असतील तर आपले पोहे फर्मास. पन्नास-साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांतून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पण हे 'धावण्याचे पोहे' म्हणजे पाहुण्यांचे पोहे नव्हेत. तेल चमचाभर, शेंगदाणे नाहीत, खोबरं नाही, कांदा नावापुरता, मिरची अजिबात नाही. स्निग्ध पदार्थ आणि तंतू पोटात रेंगाळतात, आणि पोट डचमळत असताना सहावा मैल फार लांब वाटतो. याच कारणाने कमी तुपाचा शिरा, इडली किंवा जॅम लावलेला साधा पांढरा ब्रेड चालतो. एरवी मी मुलांना पांढऱ्या ब्रेडला हात लावू देत नाही, पण इथे तोच उपयोगी.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त शेरे 'उत्तम' मिळाले आहेत ते गुरगुट्या भाताला. मऊ भात, मीठ, चिमूटभर मेतकूट, अर्धा चमचा तूप. आजारी माणसाला द्यायचं अन्न म्हणून आपण त्याला कमी लेखतो, पण जे आजारी पोटाला पचतं ते धावणाऱ्या पोटालाही पचतं.

भाकरी, थालीपीठ, मटकीची उसळ हे पदार्थ वाईट आहेत असं कृपया समजू नका. आठवड्यातले बाकीचे दिवस तेच खावेत. फक्त लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी त्यांना सुट्टी द्यावी.

काय प्यावं आणि किती?

निघण्याआधी दोन ते चार तास, किलोमागे पाच ते दहा मिलिलिटर पाणी प्यावं असं सांगतात. मला ते तीनशे ते सहाशे मिलिलिटर होतं, म्हणजे दीड ते तीन पेले. चहा चालतो का, हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न. चालतो. कॅफीनने थोडी मदतच होते आणि सकाळचं पोटही साफ होतं. फक्त दूध जास्त घातलेला, उकळून उकळून दाट केलेला चहा धावून आल्यावर घ्यावा.

जितकं पाणी जास्त तितकं चांगलं, ही समजूत मात्र घातक आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, त्यात १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेलं आढळलं. त्याच शर्यतीत एका तरुणीचा याच कारणाने मृत्यू झाला होता. त्या १३ टक्क्यांतले बरेच जण शर्यत संपताना सुरुवातीपेक्षा जास्त वजनाचे होते, इतकं पाणी त्यांनी वाटेत प्यायलं होतं. तहान लागेल तेव्हा आणि तेवढंच प्यावं, हा नियम मला पटला आहे.

आता गेटोरेडची गंमत. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या डॉ. रॉबर्ट केड यांनी फुटबॉलच्या मुलांसाठी पाणी, साखर आणि मिठाचं पेय बनवलं. चव इतकी वाईट की पिववेना. तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवलं, लिंबाचा रस घाला. पाणी, साखर, मीठ, लिंबू! साताऱ्यात उन्हातून आलेल्या पाहुण्याला आजी जे द्यायची तेच हे.

यामागचं शास्त्रही सुंदर आहे. आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. माझं प्रमाण असं: अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे साखर, लहान चमच्याचा आठवा भाग मीठ, अर्धं लिंबू. दीड तासाहून लांब पल्ला असेल तर हीच बाटली कमरेला.

गोळी घेणाऱ्यांसाठी

हा भाग खास तिकडच्या नातेवाइकांसाठी, जे धावत नसले तरी पहाटे फिरायला जातात. माझे वडील निवृत्त आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि ते रोज अजिंक्यताऱ्यावर चढतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अर्ध्या वाटेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बरोबरच्या काकांनी ओळखलं आणि पायथ्याच्या टपरीवरून साखर मागवून, पाण्यात विरघळवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. मला हे फोनवर कळलं ते तीन दिवसांनी, "तुला कशाला उगाच काळजी" म्हणून. सात समुद्रांपलीकडे असलेल्या लेकीला ते तीन दिवस किती टोचतात, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या साखर खाली आणतात, आणि चढण चढणारे स्नायूही तेच करतात. दोन्ही एकदम रिकाम्या पोटी झालं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. अशी औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन घ्यावं, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या कायम असाव्यात. थरथर वाटली तर पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर घ्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं. गोळीची वेळ बदलायची की नाही, ते डॉक्टरांनाच विचारावं. आता बाबा निघण्याआधी अर्धं केळं खातात आणि खिशात पुडी ठेवतात. आई रोज खिसा तपासते.

इथल्या चाळिशीतल्या मंडळींनीही हे वाचून सोडून देऊ नये. आपल्या वंशाच्या लोकांना मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो, म्हणून इथे आशियाई लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करायला सांगतात. धावणं सुरू करण्याआधी एकदा ती करून घ्यावी.

उपास आणि लाँग रन

आपल्या घरांतला खरा पेच वेगळाच आहे. शिकागो मॅरेथॉन ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे नवरात्राच्या आसपास. २०२४ साली तर दसरा १२ ऑक्टोबरला आणि शर्यत १३ ला. न्यूयॉर्कची मॅरेथॉन त्या वर्षी थेट भाऊबीजेला आली होती. शर्यतीआधीचे दोन दिवस भरपूर पिष्टमय खायचे, असं शास्त्र सांगतं. आणि माझ्याकडे लग्नापासून नऊ दिवसांचे उपास.

सासूबाई तेव्हा इथेच होत्या. मी घाबरत घाबरत विचारलं, "आई, यंदा उपासाचं काय करू?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, माझ्या सासूबाई कापणीच्या दिवसांत उठता-बसता उपास करायच्या. पहिला दिवस आणि शेवटचा. देवीला काम करणारी माणसं कळतात." मी मुलांना शिकवत आले की परंपरा लवचीक असते, त्याचं खणखणीत उदाहरण माझ्या समोर ओट्याशी उभं होतं.

पहिल्या दिवशी उकडलेलं रताळं, खजूर आणि साबुदाण्याची पेज यांवर मी सकाळी सहा मैल आरामात धावले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पचायला हलका. खिचडीतलं दाण्याचं कूट आणि तूप त्याला जड करतं, म्हणून खिचडी नको, पेज बरी. वरीचा मऊ भातही असाच चालतो. दसऱ्याला सगळ्यांनी श्रीखंड-पुरी खाल्ली, मी वरण-भात आणि बटाट्याची सुकी भाजी. माझ्या वाटणीचं श्रीखंड आईंनी वाटीवर झाकण ठेवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडीत बसून थर्मासमधला गुरगुट्या भात खाल्ला. पहिला गट साडेसातला सुटतो, माझा त्यानंतर तासाभराने. सुटण्याआधी अर्धं केळं. वाटेत दर अर्ध्या तासाला एक खजूर आणि तहान लागेल तसं पाणी. पाच तास बारा मिनिटं लागली. विसाव्या मैलावर पाय दुखत होते, पण भिंत काही आडवी आली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, नव्या वर्षात धावायचा संकल्प असेल तर महागड्या पाकिटांच्या आधी आपला पोह्यांचा डबा उघडा. जे खायचं ते सरावाच्या दिवशी खाऊन पाहा, वहीत टिपा, आणि शर्यतीच्या दिवशी तेच खा. फराळातल्या चकल्या आणि चिवडा मात्र धावून आल्यावर! आपणा सर्वांना आणि तिकडच्या आप्तांना ही दिवाळी आरोग्याची, आनंदाची जावो.