वणवा, वळीव आणि उघडा मुरूम

वणवा पेटायला वाळलेले जळण, कोरडी हवा आणि ठिणगी एवढे पुरे असते. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीच्या परिसरात फेब्रुवारी ते मे या काळात तिन्ही गोष्टी एकत्र येतात. जिल्ह्यात जंगल फार थोडे, जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. त्यातला महत्त्वाचा तुकडा ढोकीपासून जवळ, बालाघाटाच्या डोंगरात आहे. १९९७ साली घोषित झालेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे आहे. बाकी आहेत ती गायराने आणि कुसळीचे माळ.

इथले जळण म्हणजे मुख्यतः गवत. ते किती वाढेल हे आदल्या पावसाळ्यावर ठरते. दुष्काळी वर्षी माळावर जळण्यासारखे फारसे उरत नाही. भरपूर पावसानंतर कडक उन्हाळा आला की धोका वाढतो. तापमानवाढीमुळे नेमके हेच हेलकावे तीव्र होत आहेत. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोराने पडतो आणि उघडीप मिळाली की माती व झाडोरा लवकर वाळतो.

ठिणगी मात्र जवळजवळ नेहमीच माणसाची असते. न विझवता टाकलेली विडी, नवे गवत फुटावे म्हणून लावलेली काडी, पेटवलेला बांध किंवा तोडणीनंतर उसाच्या फडात जाळलेले पाचट. वारा फिरला की फडातली आग माळावर जाते.

गवताची आग वेगाने पुढे सरकते, त्यामुळे जमिनीखाली काही सेंटीमीटरवर उष्णता फारशी पोहोचत नाही. गवताचे ठोंब वाचतात आणि पहिल्या पावसानंतर फुटतात. जाड सालीचा पळसही टिकतो. रोपांचे तसे नाही. गुडघाभर उंचीची रोपे दरवर्षी जळत राहिली, तर मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांची जागा घेणारी पिढी तयार होत नाही. मोकळ्या जागेत बुंध्यापासून पुन्हा फुटणारी घाणेरी पसरते.

मोठी जनावरे पळू शकतात. कासवे, सरडे आणि किडे पळू शकत नाहीत. तित्तर, टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांचा विणीचा काळ उन्हाळ्यातच सुरू होतो. छोट्या अभयारण्यात एकच डोंगर जळाला, तरी जाण्यासारखी दुसरी जागा शेजारी नसते. विदर्भातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याची शिकार असलेले प्राणीही याच गवतावर जगतात.

सर्वांत टिकाऊ नुकसान मातीचे होते. बालाघाटाच्या उतारांवर मुरमावर मातीचा पातळ थर आहे. पालापाचोळा जळाला की थेंबांचा मारा थेट मातीवर पडतो. वळवाच्या सरी राख आणि तिच्यातील पोषकद्रव्ये वाहून नेतात, सोबत मातीही जाते. पाणी मुरण्याऐवजी ओढ्याला धावते आणि तेरणा नदीच्या खोऱ्यातील तलावांत गाळ साचतो.

जगातील महावणव्यांचे गणित वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात २०१९-२० मध्ये सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा विस्थापित झाले, असा अंदाज आहे. कॅनडात २०२३ मध्ये दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. गवताने हवेत सोडलेला कार्बन पुढच्या पावसाळ्यात बराचसा परत शोषला जातो. जुन्या जंगलाला त्यासाठी अनेक दशके लागतात. तोवर तो कार्बन हवा आणखी तापवतो आणि पुढच्या वणव्याची तयारी करतो. माळावरची आग आकाराने लहान असते; तिचे नुकसान दरवर्षीच्या पुनरावृत्तीतून साचते.

म्हणून उपायही पुनरावृत्ती तोडणारे आहेत. अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून गवताचा सलगपणा तोडला जातो. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनखात्याला मिळते. गावाच्या हातात दोन गोष्टी आहेत: माळावरचे गवत वेळेत कापून चाऱ्यासाठी नेणे आणि पाचट न जाळता सरीत कुजू देणे. पहिल्याने जळण कमी होते, दुसऱ्याने ठिणगी.