स्पेक्टर (बास गिटार)
स्पेक्टर हे अमेरिकेतील बास गिटारचे एक प्रसिद्ध नाममुद्रांकन आहे. स्टुअर्ट स्पेक्टर यांनी इ.स. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे या व्यवसायाचा प्रारंभ केला. लहान कार्यशाळेतील वाद्य मोठ्या कंपनीच्या मालकीत गेल्यावर नाव, आराखडा आणि कारागीर यांची कशी फारकत होते, याचे हे बोलके उदाहरण मानता येते.

रचना
१९७७ मध्ये नेड स्टाइनबर्गर यांनी 'एनएस' या नमुन्याचा आराखडा केला. वादकाच्या अंगाला बिलगेल असा बाक त्याच्या लाकडी धडाला दिलेला आहे. 'एनएस-२' या नमुन्यात दोन पिकअप असून त्याची दांडी धडातून आरपार जाते.

इलेक्ट्रॉनिक्स
तारेच्या कंपनामुळे पिकअपमधील वेटोळ्यात क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतो. वाद्यातच बसविलेले, बॅटरीवर चालणारे प्रीअँप त्याला बळ देते. 'एनएस-२'ची ओळख ठरलेल्या जोडणीत ईएमजीचे पिकअप आणि हॅझ लॅबोरेटरीजचे प्रीअँप असते. हे प्रीअँप खर्ज व तार स्वर केवळ वाढविते, घटवीत नाही. या वाद्याच्या गुरगुरत्या, ठाशीव नादात या मर्यादेचाही वाटा आहे.

मालकीतील बदल
१९८५ मध्ये क्रेमर कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. अमेरिकेतील उत्पादनाबरोबरच कोरियात स्वस्त आवृत्त्या तयार होऊ लागल्या. त्यांत दांडी आरपार न नेता बोल्टने जोडलेली असे. त्यामुळे वाद्य अनेकांच्या आवाक्यात आले. मात्र एकाच नावाखाली दोन निराळ्या प्रतींची वाद्ये विकली जाऊ लागली.

१९९०च्या सुमारास क्रेमर डबघाईस आली. स्पेक्टर यांनी पुन्हा निर्मिती सुरू केली, परंतु व्यवसायाबरोबर नावही विकले गेले असल्याने स्वतःचे आडनाव वाद्यावर घालण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता. ही वाद्ये 'एसएसडी' या नावाने विकली गेली. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नावाचा हक्क परत मिळविला.

२०१९ मध्ये कोर्ग यूएसएने स्पेक्टर विकत घेतली. त्यानंतरच्या काही नमुन्यांत डार्कग्लासचे प्रीअँप आढळते. त्यात मध्यम स्वरही स्वतंत्रपणे कमीअधिक करता येतात. वादकाला त्यामुळे अधिक पर्याय मिळतात. पण बाह्य आकार तोच राहिला तरी इलेक्ट्रॉनिक्स बदलल्यावर नादाचा स्वभाव बदलतो. म्हणून जुने 'स्पेक्टर' पारखताना नावापेक्षा निर्मितीचे वर्ष, स्थळ, दांडीची जोडणी आणि आतील प्रीअँप पाहणे अधिक उपयुक्त ठरते.