ओट्यावरून दिसणारा टीव्ही
घरातली यंत्रं : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतो. आज स्टॅबिलायझरची पाळी होती. पण रविवारी सकाळी पोहे-जलेबीची बशी पुढ्यात असतानाच सांवेरहून मामाचा फोन आला. "टीव्ही गेला. आवाज येतो, चित्र नाही. तू मशीनींवर लिहितोस ना? मग ये आणि कोणता घ्यायचा ते सांग." स्टॅबिलायझर राहिला बाजूला.

सांवेर इंदूरहून उज्जैनला जाताना साधारण निम्म्या वाटेवर. बाहेरच्यांना ठाऊक असतं ते तिथल्या उलट्या हनुमानामुळे, आम्हाला मामाच्या ओट्यामुळे. ओटा, त्याच्यामागे दहा बाय बाराची बैठक, बैठकीतून स्वयंपाकघराचं दार, मागे एक खोली आणि अंगण. दार पश्चिमेला, त्यामुळे चारनंतर ऊन सरळ आत येतं.

गेल्यावर आधी रुग्ण तपासला. दार लोटून अंधार केला, टीव्ही सुरू करून मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी लागून तिरका धरला. उजेडाच्या त्या तळहाताएवढ्या वर्तुळात निवेदिका दिसली! पुसट, काळपट, पण ओठ हलताहेत. मामा म्हणाला, "म्हणजे आहे की आत." चित्र शाबूत होतं, गेला होता तो त्याच्यामागचा दिवा.

एलसीडी म्हणजे मागे दिवा आणि पुढे लाखो बारीक झडपा. झडपेतला द्रव विजेच्या इशाऱ्यावर वळतो, उजेड सोडतो किंवा अडवतो. हा द्रव म्हणजे लिक्विड क्रिस्टल. १८८८ साली राइनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ चक्क दोनदा वितळताना दिसला. सुमारे १४५ अंशांवर तो गढूळ झाला आणि १७८ च्या पुढे स्वच्छ. त्या गढूळपणातून पुढे टीव्ही निघेल हे बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसणार. पूर्वी मागच्या दिव्याच्या जागी बारीक नळ्या असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून मिळतो तो हाच, पट्टीवाला एलसीडी. पट्टीवरचे दिवे लग्नातल्या तोरणासारखे एकामागे एक जोडलेले. एक गेला की सगळी रांग जाते. मामाने आठ वर्षं बॅकलाइट शंभरावर ठेवला होता, "पैसे पूर्ण दिलेत तर उजेड अर्धा का घ्यायचा" या हिशेबाने. पट्टी तापली आणि गेली. कारागीर ती बदलून देतो, म्हणून जुना टीव्ही दुरुस्त करून मागच्या खोलीत न्यायचं ठरलं. बैठकीत नवा.

आता कोणता, या प्रश्नाकडे येण्याआधी मला १९८७ सालात जावं लागेल. २५ जानेवारीला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, ते पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत चाललं. त्या रविवारी सकाळी मामाकडे बैठकीत सतरंजी, सतरंजीवर आम्ही पोरं, दिवाणावर मोठी माणसं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मामी आणि शेजारच्या दोघीतिघी. उरलेली गल्ली ओट्यावर. खिडकीच्या गजांना धरून तिरक्या माना करून बघणारेही होते. कोपऱ्यातल्या पेटीवजा टीव्हीत राम सगळ्यांना सारखाच दिसत होता. गजातून बघणाऱ्याचा राम काही फिका नव्हता.

त्याचं कारण त्या पेटीच्या काचेत होतं. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये आतून इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आपटायचा आणि तो लेप स्वतः उजळायचा. स्वतः उजळणारी वस्तू चारही बाजूंना उजेड फेकते, कंदिलासारखी. पुढे आलेल्या प्लाझ्मा टीव्हीचंही तसंच होतं. त्यांचं उत्पादन २०१४ च्या सुमाराला थांबलं, तरी अजून कुणीतरी "प्लाझ्मा मिळेल का" विचारतंच. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही. झडपांच्या खिडकीसमोर उभं राहिलं तर अंगण दिसतं, बाजूला सरकलं तर फळ्याच दिसतात, तसा त्याचा स्वभाव. पेटी जाऊन पाटी आली तेव्हा दीड फूट जागा सुटली याचा आनंद सगळ्यांना झाला. पण ओट्यावरचा राम त्याच दिवशी फिका पडला, हे कुणी बोललं नाही.

छोट्या बैठकीत टीव्ही निवडताना माझ्या मते कळीचा मुद्दा हाच. मोठ्या हॉलमध्ये सोफा टीव्हीसमोर मांडतात. दहा बाय बारात माणसं जिथे जागा मिळेल तिथे बसतात. मामाचा टीव्ही आतल्या, पूर्वेच्या भिंतीवर. दिवाण उत्तरेच्या लांब भिंतीला. म्हणजे दिवाणावर लोडाला टेकलेला मामा तिरका, जवळजवळ पस्तीस अंशांवर. स्वयंपाकघराचं दार दक्षिणेच्या भिंतीत, टीव्हीपासून चार फुटांवर, तिथून मामी पन्नास अंशांच्या कोनात बघणार. बरोबर समोर काय? दार. तेवढ्याच जागी कुणी बसत नाही, आणि तिथूनच चारनंतरचं ऊन पडद्यावर येतं.

मामीकडून कपाटावरचा आरसा मागून घेतला आणि जुन्या टीव्हीच्या जागी धरला. बसण्याच्या एकेका जागेवरून त्यात बघायचं. आरशात दार-खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली, की टीव्हीतही तीच दिसणार. ओट्यावरून बघितलं तर आरशात झगझगीत दारच दार. मग आरसा उत्तरेच्या भिंतीवर नेला, दिवाण दक्षिणेला आहे असं मनात धरून खुर्ची तिथे टाकली. आरशात पांढरी भिंत आणि दिनदर्शिका. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून टीव्ही आता जवळजवळ समोर. फक्त ओटा तेवढा पन्नास अंशांवर गेला.

"म्हणजे दिवाण हलवायचा?" मामा. दिवाण तीस वर्षं तिथेच आहे, आजोबा तिथे बसायचे, शिवाय पाय कुठल्या दिशेला येतील वगैरे. हा भाग मी थोडक्यात आवरतो. मामीने पदर खोचला आणि एक बाजू उचलली, तेव्हा मामाला दुसरी उचलावीच लागली.

जागा ठरली, मग आकार. टीव्हीचा इंच हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच, ५५ इंची १२२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बरोबर चार फूट. 'नईदुनिया'चे जुने अंक जोडून दोन्ही मापांचे कागद कापले आणि भिंतीला चिकटवले. दिवाणावरून पडदा आठ फुटांवर. सिनेमावाल्यांचा हिशेब असा, की पडद्याच्या तिरक्या मापाच्या साधारण १.६ पट अंतरावर बसावं. त्या हिशेबाने आठ फुटांना ५५ इंचीसुद्धा चालतो. पण हा हिशेब उत्तम चित्रासाठी आहे. मामाकडे फ्री डिश. त्यावरच्या साध्या वाहिनीच्या चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपके, चार लाखांच्या थोडे वर. फोर के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास. गुणाकार करून बघा, नेमके वीस पट. आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करावे लागतात, एकोणीस मनचे घालून. ताकात जितकं पाणी घालाल तितकं ते वाढतं, तसंच हे. पडदा जितका मोठा, तितकं पाणी जास्त दिसतं. ४३ वर एकमत झालं. नातू सुट्टीत येऊन मोबाइलवरचे सिनेमे लावणार असता तर मी ५० म्हणालो असतो.

एक गोष्ट आता सोपी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ३२ इंचांवरच्या टीव्हीला २८ टक्के जीएसटी होता, ३२ पर्यंत १८. आता सगळ्यांना १८. 'कर वाचवायला बत्तीसच घ्या' हा सल्ला बाद.

दुसऱ्या दिवशी इंदुरात, महारानी रोडवर. दुकानात सगळ्या टीव्हींवर एकच चित्रफीत: काळ्या पार्श्वभूमीवर मधाची धार, पोपट, फुटणारं डाळिंब. सगळे टीव्ही भडक मोडवर. या मोडवर सगळेच सुंदर दिसतात, मांडवातल्या नवरीसारखे. मी विक्रेत्याला म्हटलं, हे बंद करा, साधी वाहिनी लावा, बातम्यांची, आणि मोड घरचा किंवा सिनेमाचा करा. मग मी बाजूच्या फ्रीजपर्यंत सरकत गेलो आणि तिथून निवेदकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. विक्रेता गोंधळला. "भिया, साइड से कौन देखता है?"

मामी. आणि ओट्यावरच्या शेजारच्या आजी.

पाच टीव्हींपैकी तिघांवर निवेदकाचा गव्हाळ चेहरा पंचवीस-तीस अंशांनंतर राख फासल्यासारखा होत गेला, काळा कोट करडा झाला. उरलेल्या दोघांवर पन्नास अंशांपर्यंत चेहरा चेहराच राहिला. फरक झडपांच्या ठेवणीचा. व्हीए जातीच्या पडद्यात क्रिस्टल उभे असतात. ते उजेड घट्ट अडवतात, म्हणून काळा रंग खोल दिसतो. उजळ आणि काळ्यातलं प्रमाण तीन हजारास एक किंवा त्याहून वर. पण फक्त समोरून. आयपीएस जातीत ते आडवे असतात आणि आडवेच वळतात, म्हणून बाजूनेही रंग टिकतो. काळ्याला मात्र गळती असते, प्रमाण हजारास एकच्या आसपास. दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याने व्हीए घ्यावा. ट्यूबलाइट लावून, पोळ्या लाटता लाटता, भाजी निवडता निवडता टीव्ही बघणाऱ्या घराने आयपीएस. ट्यूबलाइटच्या उजेडात तो खोल काळा तसाही दिसत नाही.

गंमत अशी, की हे नाव खोक्यावर बहुधा नसतं. एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंचीत वेगवेगळ्या जातीचा पडदा असू शकतो. म्हणून जो घ्यायचा, त्याच मापाचा बाजूने बघायचा.

खोक्यावर असतात ती वेगळी नावं. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखं वाचलं जातं, पण तो एलसीडीच. मागच्या निळ्या उजेडातून शुद्ध लाल-हिरवा काढणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर त्यात जास्त. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणून थर खोटा नाही. पण त्याने मामीचा कोन सुटत नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे पुष्कळ आणि बारीक, विभागाविभागाने मंद होणारे. दिवसाउजेडी चांगला, महाग. ओएलईडी मात्र खरोखर वेगळा, प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा. काळा म्हणजे विझलेला, आणि कुठूनही बघा, चित्र तेच. म्हणजे जुन्या पेटीचा गुण परत आला! मला मोह झाला, खोटं का बोलू. पण एक तर किंमत. दुसरं म्हणजे मामा दिवसाचे सहा तास बातम्या बघतो. वाहिनीचं बोधचिन्ह आणि खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी जळत राहिली, की ते ठिपके आधी थकतात आणि पुसट डाग कायमचा उरतो. मामाच्या टीव्हीवर 'ब्रेकिंग' हा शब्द कायमचा कोरला गेला असता.

राहिला फोर के. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका, एवढंच. ४३ इंचीवर साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा साडेपाच फुटांपलीकडे निरोगी डोळ्याला सुटे दिसत नाहीत. फुल एचडीच्याच भावात फोर के मिळाला तर घ्या.

तर बाजूने बघून पसंत पडलेल्या दोघांपैकी कमी चकाकणारा घेतला. भिंतीवर टांगणारा माणूस आला होता, त्याला चहा देऊन परत पाठवला. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते, तिच्यावरच्या जुन्या घरांच्या भिंतीला केसाएवढा तडा असतोच, आणि मामाच्या भिंतीत विटेपेक्षा गिलावा जास्त. शिवाय तो साडेपाच फुटांवर टांगणार होता, लग्नातल्या फोटोसारखा. मधला भाग बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर यावा, साडेतीन फुटांच्या आसपास. आजोबांचं बुटकं कपाट त्याला बरोबर जमणारं निघालं. बॅकलाइट शंभरावरून साठावर आणला. मामा कुरकुरला, पण टॉर्च आठवून गप्प बसला. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढायची, हे मामीला सांगितलं, मामाला नाही.

संध्याकाळी सह्याद्री लावलं. पाच वाजले होते, ऊन बैठकीतल्या फरशीवरून दिवाणाच्या पायापर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. मामी उंबऱ्यात पाट टाकून लसूण सोलायला बसली. ओट्यावरून शेजारच्या आजींनी मान तिरकी करून आत बघितलं. त्यांना दिसतंय का, हे विचारायला मी उठणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चेहरा दिसतोय रे. आवाज वाढव."