हाताचा चाळा

मागच्या दिवाळीत, भाऊबीज आटोपल्यावर, बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत पाच जणांचा खेळ मांडला गेला. माझा भाचा पुण्याहून आला होता. त्याचे तीन मित्र आणि एक मैत्रीण अमरावतीहून आले होते. टेबलावर कागद, पेन्सिली, चिवड्याची परात आणि रंगीबेरंगी फासे होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्राने भिंतीवरून उडी मारायची ठरवली, तर ती साधली की नाही हे फासा ठरवतो. फासे एकूण सात. त्यांत चार बाजूंच्या टोकदार फाशापासून वीस बाजूंच्या, जवळजवळ गोल फाशापर्यंत सगळे प्रकार असतात.

मी कोपऱ्यात दिवाणावर बसून बघत होते. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईची नजर आधी हातांकडे जाते. एक मुलगा फाशांचा मनोरा रचत होता. तो कोसळला की पुन्हा रचायचा. दुसरा आपली पाळी नसताना वीस बाजूंचा फासा टाकत होता आणि आलेल्या आकड्याकडे बघतही नव्हता. मुलगी कागदाच्या कडेला वेलबुट्टी काढत होती. चौथ्याचा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा हलत होता. माझ्या तोंडून सवयीने निघालंच, “अरे, लक्ष कुठंय तुमचं?”

मनोरेवाल्याने मान वर न करता सांगितलं, “मावशी, सगळं ध्यानात हाये. दरवाज्यामागं दोन पहारेकरी हायेत, एकाच्या कमरेले किल्ली हाये. हात रिकामा राह्यला का मन पयते.”

त्या वाक्याने माझी दिवाळी खाल्ली. आपण ज्याला चुळबूळ, वळवळ किंवा चाळा म्हणतो, ती लक्ष उडाल्याची खूण आहे की लक्ष धरून ठेवण्याची युक्ती? वर्षभर जमेल तसं वाचलं आणि पाहिलं, त्यातलं हाती लागलं ते इथे मांडते आहे.

चुळबूळ मोजण्याचा एक जुना प्रयत्न फ्रान्सिस गॉल्टन यांचा. १८८५ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचं एक छोटं टिपण आलं. एका कंटाळवाण्या व्याख्यानाला बसले असता त्यांनी श्रोत्यांच्या हालचाली मोजल्या. घड्याळ काढलं तर लोकांना कळेल, म्हणून वेळ मोजायला त्यांनी स्वतःचे श्वास वापरले. माणशी मिनिटाला साधारण एक हालचाल, असा त्यांचा हिशेब निघाला. आणि व्याख्यान रंगलं की ती बरीच कमी व्हायची. शिक्षकांचा समज या निरीक्षणाशी जुळतो: हलणारं शरीर म्हणजे कंटाळलेलं मन. पण यातून एवढंच दिसतं की कंटाळा आला की शरीर हलतं. हलल्यामुळे ऐकणं बिघडतं की सावरतं, हा प्रश्न तसाच राहतो.

त्या प्रश्नाचं उत्तर खेळाखेळाप्रमाणे बदलतं असं मला दिसलं.

बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं. तिथे चाळ्याने काही गुपित फुटत नाही, मात्र समोरच्याला त्रास होतो. म्हणून जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायला किंवा त्याला सतावायला मनाई आहे. मोहरं नुसतं घरात नीट बसवायचं असेल तरी आधी तसं बोलून दाखवावं लागतं. नाहीतर ज्याला हात लागला ते चालवावं लागतं. १९७४ साली ओडेसा इथल्या सामन्यात तिग्रान पेट्रोस्यान टेबलाखाली पाय हलवतात, यावरून व्हिक्टर कोर्चनॉय यांच्याशी त्यांचा वाद पेटला. १९७७ मध्ये हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा टेबलाखाली मध्ये फळी लावावी लागली. दोघेही जगातल्या पहिल्या फळीतले खेळाडू. लक्ष नाही, असा आरोप त्यांच्यावर कोण करील?

पत्त्यांत गोष्ट वेगळी. तिथे पानं झाकलेली असतात, म्हणून हाताचा चाळा चुगली करतो. आमच्याकडे लग्नघरी जागरणाला मेंढीकोट रंगतो. चार जण, दोन जोड्या, आणि सगळा जीव चार दश्श्यांत. माझे एक काका हातात दश्शी आली की पानं पुनःपुन्हा लावायचे. घरातल्या पोरांनासुद्धा ते ठाऊक होतं, फक्त काकांना नव्हतं. या गोष्टीला प्रयोगाचा आधारही आहे. मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पोकरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. नुसता चेहरा पाहून पानं चांगली की वाईट हे ओळखता येईना. नुसते हात पाहून मात्र बऱ्यापैकी ओळखता आलं. चेहऱ्याला माणूस शिकवून ठेवतो, हाताला शिकवायचं राहून जातं.

भाच्याच्या खेळात पट आणि पान दोन्ही गौण. तिथे मुख्य काम ऐकण्याचं. लढाईचा प्रसंग आला की आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ जातो आणि तेवढ्यात काय काय घडलं ते कानांनी धरून ठेवावं लागतं. डोळ्यांना आणि हातांना त्या वेळी काम नसतं. कान गुंतलेले आणि हात मोकळे असतील, तर मन दिवास्वप्नात शिरतं. हलकासा चाळा मनाला तेवढ्यापुरता खुंटा देतो.

प्लायमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांचा प्रयोग याच मुद्द्याचा आहे. चाळीस जणांना त्यांनी फोनवरचा अडीच मिनिटांचा नीरस निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला सांगितलं. नंतर अचानक विचारलं तेव्हा आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. प्रयोग छोटा आहे; त्यावर इमारत बांधू नये. शिवाय प्रत्येक चाळा सारखा नसतो. २०१७ साली बोटांवर फिरवायच्या भिंगऱ्यांची साथ आली होती, “याने एकाग्रता वाढते” अशा जाहिरातीसह. पुढे चित्रफितीवरचं व्याख्यान दाखवून तपासलं तेव्हा भिंगरी फिरवणाऱ्यांना कमीच आठवल्याचं दिसलं. कारण उघड आहे: भिंगरी डोळ्यांना ओढते. जो चाळा न बघता, न मोजता, एकाच लयीत होतो तो ऐकण्याला आड येत नाही. ज्याच्याकडे बघावं लागतं तो स्वतःच एक खेळ होऊन बसतो.

इथवर आल्यावर मला आई आठवली. चातुर्मासात दुपारी देवळात पोथी लागायची आणि बायका पुढ्यात कापूस घेऊन बसायच्या. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! शेतातलाच असला तर आधी हाताने सरकी काढायची, मग पिंजून, राखेचं बोट लावून वाती वळायच्या. कुणाचं लाखवातींचं व्रत असलं तर सगळ्या मिळून वळू लागायच्या. नजर पोथी वाचणाऱ्याकडे, बोटं आपल्या कामात. त्यांना कुणीही “लक्ष द्या” म्हटलं नाही. ओसरीवर गप्पा ऐकत अडकित्त्याने सुपारी कातरणारे आजोबा, जपमाळ ओढणारी आजी, तळहातावर तंबाखू मळत पंचायतीचं बोलणं ऐकणारे शेतकरी: आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या हाताला काहीतरी देण्याची रीत होती. चाळ्याला आपण कामाचं किंवा धर्माचं नाव दिलं होतं, एवढंच. “बसल्या बसल्या पाय हलवू नये, लक्ष्मी जाते” हेही त्याच घरांत सांगितलं जायचं. म्हणजे आक्षेप हालचालीला नव्हता. रिकाम्या हालचालीला होता.

शाळेने मात्र ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे एकच आसन सगळ्यांना दिलं. साठ मुलांच्या वर्गात ते का लागतं, हे मी जाणते. पण माझ्या वर्गात सहावीत एक मुलगा होता. पेनाचं टोपण काढायचा, लावायचा, टक टक. मी त्याला तळहातांवर बसायला लावलं, एक दिवस नव्हे, जवळजवळ सहामाहीभर. टकटक थांबली. त्याआधी तो धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा, कधी कधी माझी चूकही काढायचा. ते हळूहळू थांबलं. तेव्हा मला वाटलं, पोरगा सुधारला, शांत झाला. निकालपत्रावर मी तसंच लिहिलं. आवाजाचा त्रास इतरांना होत होता हे खरं. पण टोपणाऐवजी रबराचा तुकडा हातात दिला असता तर आवाजही गेला असता आणि पोरगाही राहिला असता. इतकं साधं मला सुचलं नाही, कारण हात हलतो म्हणजे लक्ष नाही, हे मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

आता एखाद्या मुलाचा चाळा दिसला की मी तीन गोष्टी बघते. दुसऱ्याला त्रास होतो का? चाळा त्याचे डोळे ओढतो का? आणि मध्येच विचारलं तर त्याला उत्तर देता येतं का? त्रास नसेल, डोळे मोकळे असतील आणि उत्तर येत असेल, तर हात चालू द्यावा. त्रास होत असेल तर चाळा बदलून द्यावा, तोडू नये.

त्या दिवाळीत दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा बसला, तेव्हा मीही गॉल्टनसारखं मोजायचं ठरवलं. टिपणवही घेतली, पोरांच्या हालचालींच्या रेघा ओढू लागले. दहाएक मिनिटांनी रेघा थांबल्या, कारण गोष्टीतला पूल कोसळला होता, पोरगी पलीकडे अडकली होती आणि मला पुढचं ऐकायचं होतं. भानावर आले तेव्हा वही खाली पडलेली, आणि देवघरासाठी म्हणून शेजारी ठेवलेल्या कापसाच्या बारा-पंधरा वाती माझ्या मांडीवर वळून पडलेल्या. त्या कधी वळल्या ते मला सांगता येणार नाही. पूल कसा कोसळला ते मात्र आजही सगळं सांगता येईल.

यंदा पोरं पुन्हा येणार आहेत. टेबलावर चिवड्याच्या परातीशेजारी कापसाची एक थाळी ठेवणार आहे.