हाडे उंची सांगतात, जात नाही

पडक्या विहिरीत सांगाडा सापडला की पेपरात बातमी येते : "पुरुष, उंची अंदाजे साडेपाच फूट." निव्वळ हाडांवरून उंची कशी कळते?

मांडीचे हाड माणसाच्या उंचीच्या पाव भागाहून थोडे जास्त भरते. ट्रॉटर व ग्लेसर यांच्या १९५२ च्या सूत्राप्रमाणे पुरुषाच्या या हाडाची लांबी २.३८ ने गुणून त्यात ६१.४१ मिळवायचे. हाड ४५ सेंटिमीटर असेल तर उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, तीन-चार इकडे-तिकडे. स्त्रीचे सूत्र वेगळे, म्हणून आधी कमरेचे हाड पाहतात. सूत्र अमेरिकन माणसांच्या हाडांवरून बांधलेले असल्याने आपल्याकडे ते जपून वापरावे लागते. हरवलेल्या माणसांच्या नोंदीशी ही उंची ताडून पाहिली, तर बेवारस सांगाड्याला नाव मिळू शकते.

पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत बहुतेक प्रौढांना पावले तोडून घरातच पुरले होते. पावले नसली तरी मांडीचे हाड उंची सांगतेच. दातांवरच्या आडव्या खाचा लहानपणीचे आजार व उपासमार सांगतात.

जात मात्र कोणतेच हाड सांगत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचेच आकडे मांडून दाखवले, की ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. मुलांना हे जरूर सांगा.