जामखेडच्या आरोग्यसेविका

एखादे मूल आजारी पडले की आपण विचारतो, 'त्याला काय झाले?' डॉक्टर त्याची छाती तपासतात, रोगाचे नाव सांगतात, औषध देतात. आणि मूल बरे झाले म्हणजे प्रश्न संपला असे आपण समजतो. परंतु तेच मूल महिन्याभराने पुन्हा त्याच दुखण्याने दवाखान्यात आले, तर दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो. 'त्याला पुनःपुन्हा असे का होते?' या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथात मिळतेच असे नाही. ते शोधण्यासाठी कधी पाणवठ्यावर जावे लागते, तर कधी गावकुसाबाहेरच्या वस्तीत.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांच्यापुढे हा प्रश्न 1960 नंतरच्या काही वर्षांत उभा राहिला. वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. अतिसाराने सुकून गेलेली मुले तेथे येत, उपचाराने टवटवीत होऊन घरी जात, आणि घरी तेच दूषित पाणी पिऊन व तेच अर्धपोटी अन्न खाऊन पुन्हा रुग्णालयाच्या दारात येत. रुग्णालय कितीही मोठे केले तरी या येरझाऱ्या थांबणार नाहीत, हे दोघांनी ओळखले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ती दोघे 1970 साली परतली आणि त्याच जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात येऊन राहिली.

गावोगावी बैठका सुरू झाल्या, तेव्हा असे दिसून आले की लोकांच्या मनात आरोग्याला पहिले स्थान नव्हतेच. त्यांना प्रथम हवे होते पाणी, आणि त्यानंतर धान्य. एखाद्या डॉक्टराने 'ते माझे काम नव्हे' असे म्हणून अंग काढून घेतले असते. आरोळे दांपत्याने तसे केले नाही, कारण लोक मागत होते तेच वस्तुतः अर्ध्या रोगांवरचे औषध होते. लवकरच 1972 चा भयंकर दुष्काळ आला आणि पाण्याचा प्रश्न जीवनमरणाचाच होऊन बसला. गावोगावी विंधनविहिरी खोदून त्यांवर हातपंप बसविण्याचे काम हाती घेण्यात आले.

आता विहीर खोदावयाची कोठे? वरवर पाहता हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहे. परंतु आपल्या खेड्यांत तो तेवढाच कधी नव्हता. दलितांना गावविहिरीवर पाणी भरण्याची मुभा नसे. कोणी दया येऊन वरून ओतील तेवढे पाणी घ्यावयाचे, नाही तर दूरच्या ओढ्यातले गढूळ पाणी आणावयाचे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली केला आणि 1950 साली राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली, तरी पुष्कळ गावांतील पाणवठ्यांना त्याची वार्ता पोहोचली नव्हती. म्हणून जामखेडच्या परिसरात अनेक विंधनविहिरी मुद्दाम दलित वस्तीत घेण्यात आल्या. स्वच्छ पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तेथे जावे! प्रारंभी पुष्कळांना हे रुचले नाही. परंतु दुष्काळातील तहान जातीपेक्षा बलवत्तर ठरली. एकाच हातपंपाखाली सर्वांच्या घागरी लागू लागल्या.

पाण्याप्रमाणेच अन्नाचेही होते. घरात जे शिजेल ते प्रथम पुरुषांनी खावे, मग मुलांनी, आणि उरलेसुरले सुनेने, ही रीत. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सुलभ होते, असाही समज होता. बाळंतिणीचा पहिला चीक वाईट म्हणून टाकून दिला जाई. जुलाब झालेल्या मुलाचे तर पाणीच तोडीत. नाळ कापावयाची ती घरातल्या विळ्याने, आणि मग काही दिवसांतच बाळाला धनुर्वात झाला की त्याला दैवाची अवकृपा म्हणावयाचे. या समजुतींत दुष्टपणा कोठेच नव्हता, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांनी मुलांचे पाणी तोडले त्यांनी ते मायेपोटीच तोडले होते.

हे समज बदलावयाचे कसे? प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. तो बेत साधला नाही. परगावची एकटी तरुण स्त्री खेड्यात रमेना, आणि तिचे बोलणे गावातल्या सासवांना पटेना. तेव्हा गावाने आपल्याच गावातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवून तयार करावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या बायांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही पतीने टाकलेल्या किंवा विधवा होत्या. ज्यांचे मत आजवर घरातही कोणी विचारले नव्हते, त्या आता गावाला आरोग्याचे मत देणार होत्या.

या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, तेथे मुक्काम करीत. शिक्षणाचा आरंभ एकत्र स्वयंपाक करण्यापासून आणि एका पंक्तीला जेवण्यापासून झाला. निरनिराळ्या जातींच्या बायांना पहिला घास गिळणे किती जड गेले असेल, याची कल्पना आज सहज येणार नाही. मुलाचे वजन कसे करावे, ब्लेड व दोरा उकळून नाळ कशी कापावी, अंगावरचा बधिर चट्टा पाहून कुष्ठरोग वेळीच कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून जुलाब होणाऱ्या मुलाला पाजावे, हेही शिकल्या. या साध्या सरबताने किती जीव वाचले असतील! आणि ते पाजावयास डॉक्टर लागत नाही; लागते ती अशी शेजारीण, जिच्या शब्दावर आईचा विश्वास आहे.

तो विश्वास एका दिवसात मिळाला नाही. दलित आरोग्यसेविकेला उंबरठ्याच्या आत घेणे अनेक घरांना जड गेले. परंतु मूल तापाने फणफणत असताना आईचे पाऊल जिच्याकडे वळे, तिला पुढे फार काळ दाराबाहेर उभे करता येत नसे. गावांत शेतकरी मंडळे व महिला मंडळे निघाली. बालकांसाठी सामुदायिक आहारकेंद्रे चालली व तेथे सर्व जातींची मुले शेजारी बसून जेवू लागली.

फळ आकड्यांत पाहावयाचे तर असे: 1971 साली या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण पंचविसाच्या आसपास आले. मात्र यावरून डॉक्टरांची गरजच उरली नाही असे कोणी समजू नये. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि त्यासाठी जामखेडचे रुग्णालय होतेच. पण तिला वेळेवर तेथे पाठवावयाचे हे आता गावातच ठरू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात या कार्याची हकीकत आली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 साली आपल्या देशात 'आशा' कार्यकर्तींची योजना सुरू झाली. तिच्यातही गावानजीकची, गावाच्या ओळखीची बाई हेच सूत्र आहे. मेबल आरोळे 1999 साली व रजनीकांत आरोळे 2011 साली निवर्तले. त्यांच्या हयातीतच जामखेडला देशोदेशींचे डॉक्टर शिकावयास येऊ लागले होते. त्यांना शिकविण्यास उभ्या राहत त्या याच आरोग्यसेविका, आणि त्यांच्यातील कित्येकींनी स्वतःची पहिली अक्षरे प्रौढपणी, कंदिलाच्या उजेडात गिरविली होती.