भूक शरीराची, दुखणे मनाचे

घरातील तरुण मुलगी जेवणाच्या वेळी ताटावर येण्याचे टाळू लागली, की ‘हल्ली डाएट करते आहे’ एवढे म्हणून घरची मंडळी विषय संपवितात. एखादी सून दुपारी घर सामसूम झाल्यावर फराळाचे डबे उघडून भराभर खाते आणि त्या अपराधी भावनेने पुढचे दोन दिवस जवळजवळ उपाशी राहते, हे तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. एकीला खाववत नाही, दुसरीला आवरत नाही. परंतु दोघींचे दुखणे बहुधा एकच असते. स्वतःच्या शरीराविषयी मनात बसलेली नावड आणि मनातील खळबळ कोणाजवळ बोलता न येणे, यांतून ते वाढीस लागते. वैद्यकशास्त्र त्यास आहारविकार म्हणते.

शरीराविषयीची नावड कोणी जन्मतः घेऊन येत नाही. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे भरदार अंगकाठी ही सुस्थितीची खूण मानली जाई आणि पाहुण्यास आग्रहाने जेऊ घालण्याची रीत होती. १९९५ मध्ये तेथील नाद्रोगा प्रांतात टेलिव्हिजन पोहोचला. हार्वर्डच्या संशोधिका अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनंतर हे प्रमाण ११.३ टक्के झाले. आपण फार जाड आहोत असे वाटल्याचे ७४ टक्के मुलींनी सांगितले. आज तो पडदा मोबाइलच्या रूपाने प्रत्येक मुलीच्या हातात आहे. त्यात स्थळे पाहण्याच्या काळातील ‘थोडी कमी झालीस तर बरे’ हा आत्या-मामींचा सल्ला मिळाला, की आरसा वैरी होतो.

‘हे सारे मनाचे चोचले आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठातील एक प्रयोग जाणून घ्यावा. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुण पुरुषांना सुमारे सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवण्यात आले. ते उदास व चिडखोर झाले. दिवसरात्र अन्नाचेच विचार त्यांच्या मनात घोळू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर कित्येकांना खाणे आवरेना. सुदृढ पुरुषांची ही गत झाली, तर वर्षानुवर्षे अर्धपोटी राहणाऱ्या मुलीस ‘तुझा निर्धारच कमी पडतो’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

भावनांचा भाग याहून खोल आहे. राग, अपमान, भीती, एकटेपणा यांना घरात वाव नसला, की त्या भावना ताटाच्या वाटेने बाहेर पडतात. भराभर खाल्ल्याने काही क्षण मन बधिर होते. उपाशी राहिल्याने ‘निदान एवढे तरी माझ्या हाती आहे’ असा दिलासा मिळतो. दोन्ही दिलासे अल्पजीवी ठरतात आणि मागे लाज उरते. लाजेपोटी पुन्हा उपासमार, उपासमारीतून पुन्हा अनावर खाणे, असे चक्र सुरू होते. त्याची किंमत शरीर मोजते. पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. वारंवार उलट्या केल्याने दातांवरचे कवच झिजते आणि रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. वजन वरवर योग्य दिसत असतानाही हा धोका असतो.

उपवासास ज्या घरांत मानाचे स्थान आहे, तेथे एक विवेक विशेषत्वाने राखावा लागतो. तपाचा हेतू देहावरील आसक्ती कमी करणे हा आहे. आहारविकारातील उपासमार मात्र मनास देहाच्या दिसण्यातच जखडून ठेवते. तपास संकल्प असतो, मर्यादा असते आणि शेवटी आप्तजनांसमवेत आनंदाचे पारणे असते. विकारातील उपासमारीस पारणेच नसते. म्हणून पर्युषण संपल्यावरही एखाद्या मुलीचे उपवास संपत नसतील, पारण्याच्या वाटीकडे पाहून ती कासावीस होत असेल, तर कौतुकाआधी विचारपूस करावी. अशा मुलीची प्रकृती गुरुमहाराजांस स्पष्टपणे सांगावी आणि डॉक्टरांच्या संमतीवाचून तिला दीर्घ उपवास करू देऊ नये.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कोणाच्याही अंगकाठीवर, थट्टेनेसुद्धा, शेरा मारू नये. दिवसातून एक वेळ सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्या वेळी वजनाचा विषय काढू नये. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, वारंवार वजन करणे, चारचौघांत जेवण्याचे टाळणे ही लक्षणे ओळखावीत. पेढीच्या वहीत तूट दिसली की व्यापारी त्याच संध्याकाळी कारण शोधतो. लेकीच्या ताटातील तूट महिनोन्‌महिने कोणास दिसू नये, हे बरे नव्हे.

लक्षणे दिसताच फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ या तिघांचेही साहाय्य घ्यावे. केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. किशोरवयीन मुलींच्या उपचारांत आई-वडिलांचा प्रत्यक्ष सहभाग फार उपयोगी पडतो, असा अनुभव आहे. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने गेलेला प्रत्येक महिना आजार बळावण्यास साहाय्य करतो. ‘तू किती खाल्लेस?’ या प्रश्नाऐवजी ‘तुला काय वाटते आहे?’ हा प्रश्न आज प्रत्येक घरात विचारला जावा. उत्तर मिळण्यास कदाचित वेळ लागेल. तोवर तिच्यापाशी बसून राहावे.